मेलबर्नच्या मिल्क बारमधून

मेलबर्न,
१९ जानेवारी

ती. बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र आईलाही मोठ्यानं वाचून दाखवा, यात खाण्यापिण्याचं पुष्कळ आहे. संक्रांतीला फोनवर म्हणालात, नागपुरात अजून अंगावरून स्वेटर उतरले नाहीत. इकडे भर उन्हाळा. काल पारा ४० ला टेकला, तोंडावर आपल्या मे महिन्यासारख्या गरम झळा. खसच्या ताट्यांचा कूलर नाही, मग आम्ही दोघं ट्राम पकडून एका जुन्या मिल्क बारमध्ये गेलो.

मिल्क बार म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान. दूध, पाव, वर्तमानपत्र, मुलांसाठी सुट्या गोळ्या आणि मिल्कशेक. सुपरमार्केटं आणि पेट्रोलपंपावरची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी राहायला लागली, तशी ही दुकानं एकेक करून मिटली. हे मात्र तग धरून आहे. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, लाल रेक्झिनची उंच स्टुलं, भिंतीवर आइस्क्रीमच्या जुन्या पत्र्याच्या पाट्या, कपाटावर रेडिओंची रांग. एकही रेडिओ वाजत नाही, पण सगळे लख्ख पुसलेले.

काउंटरमागच्या बाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी रंगीत अॅल्युमिनियमच्या उंच पेल्यात बर्फासारखं गार दूध ओतलं, सिरप घातलं, आइस्क्रीमचा एक गोळा, वर चमचाभर माल्ट पावडर, आणि पेला हिरव्या मशीनच्या दांड्याखाली अडकवला. दूध फेसाळून काठाशी आलं. तो पेलाच हातात देतात, बाहेरून दव धरलेला. शेक दाट नसतो, पातळ आणि फेसाचा. माल्टची चव आईला लगेच ओळखू येईल. तापातून उठल्यावर ती मला द्यायची त्या हॉर्लिक्सची जातकुळी हीच. यांनी ‘ब्लू हेवन’ घेतला, निळाशार, चवीला व्हॅनिलाच्या जवळचा.

मी दुसऱ्या फेरीला आइस टी मागवला. आई म्हणेल, ‘थंडा चहा कोण पिते बाप्पा!’ पण आई, बिनदुधाचा कडक चहा, त्यात लिंबू आणि चुरडलेला पुदिना, हा उन्हावर चांगला उतारा आहे. बाईंनी कृती सांगितली. साखर चहा गरम असतानाच विरघळवायची, नाहीतर तळाशी बसते. आणि आधी बाहेर निवू द्यायचा, लगेच फ्रिजमध्ये ठेवला तर गढूळ होतो. मे महिन्यात करून पाहा.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट पुढे आहे. या देशातला पहिला मिल्क बार १९३२ साली सिडनीच्या मार्टिन प्लेसमध्ये निघाला. काढणारे मिक अॅडम्स ग्रीसहून आलेले, मूळ नाव योआकिम टावलारिदिस. जगभर मंदी होती. त्यांनी चार पेन्समध्ये मिल्कशेक द्यायला सुरुवात केली. टेबलं आणि वेटर यांचा खर्च नाही, काउंटरशी उभं राहायचं, पिऊन निघायचं. पाच-सहा वर्षांत अशी हजारो दुकानं झाली, तिकडे इंग्लंडातही. आपल्या नागपूरच्या दिनशॉजच्या डेअरीचं सालही १९३२च! मी हे सांगितलं तेव्हा बाईंनी नागपूर कुठे आहे ते फोनवरच्या नकाशात शोधायला लावलं.

त्यांचे आईवडीलही ग्रीसमधूनच आलेले. सगळं कुटुंब दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायचं. पहाटे दुधाच्या गाडीपासून रात्री शटर पडेपर्यंत आईवडील पाळीपाळीनं उभे, आणि ही मुलगी काउंटरच्या टोकाला बसून शाळेचा अभ्यास करायची. मला ते टोक त्यांनी दाखवलं. लाकूड कोपरांनी झिजलेलं आहे. बाबा, परक्या मुलखात भाषा येत नसताना माणसांनी असं दुकान उभं करावं, जिथं कुणीही चार नाणी घेऊन यावं आणि घटकाभर बसावं, याचा मला फार आदर वाटला. इथं आल्यापासून मला परकं वाटत होतं, ते त्या दुकानात वाटलं नाही. उन्हाळ्यात तुम्ही काय पिता, असं बाईंनी विचारलं. मी ताक आणि पन्ह्याबद्दल सांगितलं. कैरी कशी उकडतात हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

तुम्ही दोघं नोव्हेंबरात या. तेव्हा ऊन बेताचं असतं. तुमच्या गुडघ्यांना उंच स्टुलं जमायची नाहीत, पण खिडकीशी एक बाक आहे, विचारून ठेवलंय. पासपोर्टची मुदत तेवढी आत्ताच बघून घ्या. आणि आईला म्हणावं, पन्ह्यातलं गुळाचं प्रमाण नीट लिहून पाठव, बाईंना द्यायचं आहे.

तुमची,
मनू