चोर सोडून संन्याशाला फाशी नको

वेंगुर्ले

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

जत्रेतल्या दशावताराचं तुझं मिक्स काल रात्री जेवणं झाल्यावर ऐकलं. आधी फोनवर, मग माझ्या जुन्या हेडफोनवर दोनदा. पेटी सुरेख आली आहे. पण पखवाजावर डाव्या हाताची थाप पडली की राजाचा आवाज आत ओढला जातो आणि मागाहून वर येतो. सगळ्यावर मिळून तू एकच कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारं यंत्र, लावलास ना? थ्रेशोल्ड, म्हणजे जिथून दाबणं सुरू होतं ती रेघ, ओलांडतो तो पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडाचा घुमारा, आणि दबतो बिचारा गाणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पखवाजाचा ट्रॅक वेगळा असता तर तिथेच काय ते कर म्हटलं असतं. तुझ्याकडे दोनच ट्रॅक, त्यात सगळं एकत्र. इथे मल्टिबँड कामाचा, म्हणजे आवाजाचे खालचे-वरचे पट्टे पाडून प्रत्येक पट्टा वेगळा दाबणारा कॉम्प्रेसर. साधारण १२० हर्ट्झच्या खालचा पट्टा वेगळा काढ आणि तेवढाच धर. रेशो ३:१ पुरे. थ्रेशोल्डच्या ६ डेसिबल वर गेलेली थाप २ वर येते, म्हणजे ४ डेसिबल दबली. रिलीजची, म्हणजे दाब सोडायची, घाई करू नकोस. ८० हर्ट्झची एक लहर पुरी व्हायलाच साडेबारा मिलिसेकंद लागतात. त्याहून झटपट ठेवलास तर कॉम्प्रेसर थापेऐवजी लहरीच्याच मागे धावतो आणि घुमारा खरखरतो. १०० मिलिसेकंदांच्या पुढे जाऊन ऐक.

राजा बाकड्यावरून उठून माईकला अगदी खेटतो, तेव्हा त्याचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा होतो, ते तुला जाणवलं का? एका दिशेने ऐकणाऱ्या माईकच्या जवळ गेलं की खालचे सूर फुगतात. ईक्यूने, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या यंत्राने, ते कायमचे कापलेस तर तो मागे सरल्यावर आवाज पातळ होईल. १२० ते ३०० हर्ट्झचा पट्टा मल्टिबँडमध्ये धर. तो जवळ आला तरच दबेल, एरवी कोणी हात लावणार नाही. मला या यंत्रातलं हेच सगळ्यात आवडतं. झांजेसाठी वरचा पट्टा एखाद-दोन डेसिबल, बस्स. उगाच पाच-सहा पट्टे करू नकोस. आवाज तोडून पुन्हा जोडला की जोडावर फेज, म्हणजे लहरींचा मेळ, सरकतो, काहीही न दाबता सुद्धा फरक पडतो.

दाबून कमी झालेला आवाज मेकअप गेनने भरून काढलास की चालू-बंद करून तुलना कर, पण दोन्हीकडे आवाजाची पातळी सारखी करून. मोठं ते कानाला नेहमीच चांगलं वाटतं. मी त्यात वर्षानुवर्षं फसलो.

आता गेनबद्दल, म्हणजे माईकचा आवाज आत येतानाच किती वाढवायचा त्याबद्दल. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. एका जत्रेत मी संध्याकाळीच लेव्हल लावून मोकळा झालो. नटांनी तेव्हा हलक्या आवाजात दोन ओळी म्हटल्या. दशावतारात संहिता लिहिलेली नसते, कोण कधी गर्जेल ते कोणालाच ठाऊक नाही. मध्यरात्री युद्धाचा प्रसंग आला आणि आवाज फाटत असल्याचा पीकचा लाल दिवा पेटून राहिला. मी घाबरून फेडर, म्हणजे गेनच्या पुढची आवाजाची सरकपट्टी, खाली ओढला. आवाज लहान झाला, पण फाटलेलाच राहिला, कारण तो फेडरच्या आधी, गेनवरच फाटला होता. त्या म्हाताऱ्या कलावंताचं माझ्याकडे तेवढंच एक रेकॉर्डिंग आहे. पुढच्या जत्रेला तो नव्हता. ती फाईल मी अजून जपून ठेवली आहे, पण त्याच्या घरच्यांना द्यायला हात उचलत नाही. आजची यंत्रं फाटलेला आवाज थोडाफार शिवतात, पण तो मूळचा होऊन परत येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी रेकॉर्डिंग २४ बिटवर घे आणि सगळ्यात मोठी आरोळी मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील (शून्याला आवाज फाटतो) एवढाच गेन ठेव. २४ बिटला हळू आवाजासाठी खाली जागा भरपूर असते, नंतर निवांत वाढवता येतं. आणि गेन आधी नक्की कर, मगच थ्रेशोल्ड लाव. मागून गेन ४ डेसिबल वाढवलास तर थ्रेशोल्ड ४ ने खाली आणल्यासारखंच होतं, सगळी मेहनत फुकट.

मिक्स आणि मूळ फाईल दोन्ही पाठव. आणि एक कर, राजाच्या पहिल्या प्रवेशाआधी माणसांचा गलका आहे तो साफ करू नकोस. त्यात कोणीतरी दटावतं, 'बस गो खाली'. नीट ऐक, ती तुझी आजी आहे.

तुझे बाबा