नवी पॉलिसी घेतली आहे

आई, बाबा,

फोनवर सांगायला धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. तुमच्या विम्याचं मी काल करून टाकलं. तुम्ही पुण्याहून येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. आताची कंपनी ३१ डिसेंबरला हा धंदाच सोडतेय, आणि १ जानेवारीपासून विमा चालू हवा तर त्याआधीच नाव नोंदवावं लागतं.

बाबा, दुसरी बरी कंपनी नव्हती का, असं तुम्ही विचारणारच. तीन रात्री बसून सगळ्या चाळल्या. ह्यूस्टनमध्ये स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्यांसाठी मला एकही पीपीओ, म्हणजे यादीबाहेरच्या डॉक्टरांचेही थोडेफार पैसे देणारी पॉलिसी, सापडली नाही. सगळ्या एचएमओ, नाहीतर ईपीओ. डॉक्टर त्यांच्या यादीतला असेल तरच पैसे. मेडिकेअरसाठी, म्हणजे इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्यासाठी, इथे सलग ५ वर्षं राहिलेलं लागतं, तुमची ३ झालीत. तोवर हेच.

आई, तुझ्या हार्टच्या डॉक्टरीणबाई नव्या यादीत नाहीत.

एका कंपनीत त्या होत्या, पण तिच्या यादीत आपलं घराजवळचं, केटी उपनगरातलं हॉस्पिटल नव्हतं. इमर्जन्सीत कुठेही नेलं तरी विमा लागू होतो, तसा कायदाच आहे. पण पेशंट जरा सावरला की यादीतल्या हॉस्पिटलात हलवा म्हणतात. त्या रात्रीनंतर बाबांना तसं शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवणं माझ्यानं झालं नसतं गं.

मला टायफॉइड झाला तेव्हा बाबा भर पावसात, सायकलच्या दांड्यावर बसवून, वाटेतले दोन दवाखाने सोडून आपल्याच डॉक्टरांकडे न्यायचे. त्यांचा हातगुण आहे म्हणायचे. फॉर्म भरताना सारखं तेच आठवत होतं.

गोळ्या सगळ्या त्याच मिळतील, एकेक नाव ताडून पाहिलंय. नवे डॉक्टर घरापासून जवळ आहेत, गाडी अगदी दारापर्यंत जाते, बाबांना एकही पायरी चढावी लागणार नाही. मी जाऊन बघून आले.

आता नीट ऐका. जुनी कार्डं पाकिटातून काढा. पुण्यातले इकोचे रिपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. आणि बाबा, इथे आल्यावर परस्पर कुणाकडे जायचं नाही. आधी घरचे डॉक्टर, त्यांची चिठ्ठी, मग हार्टवाले. चिठ्ठी नसेल तर सगळं बिल आपल्याच अंगावर येतं.

डॉक्टरीणबाईंकडून तुमच्या फायली आणायला गेले तेव्हा त्या तुझ्याबद्दल विचारत होत्या, आई. तिळगूळ त्यांच्यासाठीही आण. आपण दोघी देऊन येऊ.

तुमची,
चिऊ