अस्तर लावण्याआधी छत पाहा

सातारा,
दि. ७ एप्रिल

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. महिंद्राची एमएम ५४० जीप अखेर दापोलीला तुझ्या अंगणात येऊन उभी राहिली हे वाचून मनापासून आनंद झाला. फोर व्हीलचा लिव्हर अजून नीट पडतो आहे आणि चासी कुठे सडलेली नाही, म्हणजे गाडी तू पारखून घेतलीस यात शंका नाही. पण पत्राच्या शेवटी तू सहज लिहिले आहेस की छताचे जुने रेक्झिन लोंबते आहे, त्याच्यावरच नवे कार्पेट चिकटवून देतो असे कुशनवाला म्हणतो, आणि पुढच्या आठवड्यात गाडी त्याच्याकडे सोडायचा तुझा विचार आहे. ते वाक्य वाचल्यापासून मला चैन नाही, म्हणून हातातले काम बाजूला ठेवून हे लिहायला बसलो आहे. तसे करू नकोस, ही कळकळीची विनंती.

माझ्या गाडीचे मी नेमके हेच केले होते. रेक्झिन उचकटण्याचा त्रास वाचेल, एका दिवसात काम होईल, असे मलाही सांगण्यात आले आणि मला ते पटले. कार्पेट दिसायला सुरेख झाले होते. पुढच्याच मे महिन्यात बाबांना घेऊन चिपळूणला निघालो, तेव्हा कुंभार्ली घाटात, ऐन उतारावर, मागच्या बाजूने ते सुटू लागले आणि दोन वळणांत आरशातून मागचे काहीही दिसेनासे झाले. गाडी कडेला घेतली, बाबांनी एका हाताने कापड वर धरून ठेवले आणि तसेच आम्ही घाट उतरलो. घरी आल्यावर सगळे ओढून काढले तेव्हा दोष कळला. नवे कार्पेट जुन्या रेक्झिनला घट्ट धरून होते. जुने रेक्झिन मात्र पत्र्याला धरून नव्हते. त्याच्या मागचे सुती कापड वर्षानुवर्षांच्या ओलीने कुजले होते आणि त्यावर आपण रेक्झिनपेक्षा जड असे कार्पेट लटकवले होते.

त्याहून वाईट गोष्ट त्याच्या वर होती. समोरच्या काचेवरच्या कोपऱ्यात पत्र्याला हाताच्या पंजाएवढा तपकिरी डाग होता. मी चमच्याच्या मागच्या टोकाने तो खरवडू लागलो, तर पापुद्रे बिस्किटासारखे तुटून माझ्या मनगटावर पडले आणि मधोमध सुईएवढ्या भोकातून उजेड दिसला. हे भोक कित्येक पावसाळे तिथे असणार. अस्तराने ते झाकले, ओल धरून ठेवली आणि पत्र्याला वाळू दिले नाही. म्हणून सांगतो, या कामात कार्पेट हा शेवटचा टप्पा आहे. खरे काम त्याच्या वरच्या पत्र्याचे आहे, आणि तुझ्याकडे तर खारी हवा आणि कोकणचा पाऊस.

या जीपा कंपनीतून बऱ्याचदा कापडी हुडासह बाहेर पडत. पत्र्याचे बंद छत नंतर कुणा बॉडी बांधणाऱ्याने बसवलेले असते. त्यामुळे प्रत्येक छत वेगळे. तुझ्या छताला आडव्या पट्ट्या किती आहेत, पत्रा वेल्डिंगने जोडला आहे की पॉप रिव्हेटने, हे रेक्झिन काढल्याशिवाय कळणार नाही. आधी बॅटरीची अर्थिंगची वायर सोड, मग केबिन लाइट, सन व्हायझर आणि कडेच्या पट्ट्या उतरव, आणि रेक्झिन सावकाश, शक्य तितके अखंड काढ. फाटले तरी फेकू नकोस. मापाला उपयोगी पडेल. जुना स्पंज पिवळी भुकटी होऊन गळतो, म्हणून सीट झाक आणि नाकातोंडाला मास्क बांध.

आता पाण्याची परीक्षा. ती घाईने उरकू नकोस. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने वरून नळाची बारीक धार सोडावी, पण एकदम सगळ्या छतावर नाही. आधी खालच्या पन्हळी, मग कडेचे सांधे, मग रिव्हेट, आणि सर्वांत शेवटी मधला भाग. प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटे तरी धार राहू दे. सगळीकडे एकदम पाणी मारले तर थेंब कुठून आला हे कळत नाही, कारण पत्र्यावरचे पाणी पट्टीच्या आधाराने हातभर वाहत जाऊन भलतीकडेच टपकते. माझ्याकडे थेंब मागच्या दाराशी पडत होता आणि गळती होती कॅरिअरच्या पायाच्या बोल्टाशी. जिथे ओल दिसेल तिथे खडूने खूण कर.

सांधे बुजवायला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे, सीलंट वापर. दुकानदार स्वस्तातले सिलिकॉन पुढे करील. ते घेऊ नकोस. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून वाळताना आम्ल सुटते आणि उघड्या लोखंडाला तेच गंज चढवते, शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही. मोठे भोक असेल तर डेंटरकडून पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घे. पुट्टीने बुजवलेले भोक दोन पावसाळ्यांत पुन्हा उघडते.

गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासून काढ. त्यावर इपॉक्सी प्रायमर मार आणि डब्यावर लिहिले असेल तितका वेळ त्याला पूर्ण सुकू दे. नेहमीचा ऑइल पेंट मारून लगेच कार्पेट चिकटवण्याचे सोल्यूशन लावण्याची चूक माझ्या हातून झाली होती. सोल्यूशनमधल्या द्रवाने ताजा रंग सुरकुतला, सायीसारखा वर आला, आणि दोन हात जागा पुन्हा घासावी लागली.

तुझे प्यूजोचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन आहे, म्हणजे चाळीसच्या वेगाला छत ढोलासारखे घुमणार. पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या पत्र्यावर ब्युटाइल रबराचे डॅम्पिंग शीट, म्हणजे थरथर शोषणारे चिकट शीट, लाव. पूर्ण छत मढवण्याची गरज नाही. प्रत्येक चौकटीच्या मध्यावर, साधारण पाव ते तृतीयांश भागात लावले तरी पत्र्याची थरथर बसते. डांबराचे शीट छताला लावू नकोस, उन्हात ते पाघळते. त्यानंतर उन्हासाठी सहा मिलिमीटरचा बंद छिद्रांचा फोम. साधा स्पंज मात्र पाणी शोषून घेतो, म्हणून तो नकोच.

कार्पेट पॉलिएस्टरचे, न विणलेले, चारही बाजूंना ताणले जाणारे घे. ते पाणी पीत नाही आणि कुजत नाही. मागे रबराचा किंवा राळेचा कडक थर असलेले जमिनीचे कार्पेट छताच्या गोलाईवर कधीच नीट बसत नाही. रंग मी राखाडी घेतला. काळा घेतलास तर गाडीच्या आत दिवसाही अंधारल्यासारखे वाटेल आणि वहिनींना ते आवडणार नाही. कापताना चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त ठेव आणि सर्व तुकड्यांची लव एकाच दिशेला येऊ दे. हाताने एकदा पुढे आणि एकदा मागे कुरवाळून बघ, दिशा लगेच समजते. ती उलटसुलट झाली तर एकाच थानातले दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात.

चिकटवण्याचे सोल्यूशन उष्णता सोसणारे आहे ना, हे डब्यावर वाचून घे. आपल्या उन्हात बंद जीपचा पत्रा इतका तापतो की हात ठेववत नाही, आणि साधे सोल्यूशन त्या तापाने मऊ पडते. ते छताला आणि कार्पेटच्या पाठीला, दोन्हीकडे पातळ लावायचे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. बोट टेकवले असता चिकटपणा जाणवला पाहिजे, पण बोटाला काही लागता कामा नये. ती वेळ खरी. मी अधीरपणे ओल्यातच दाबले होते, तेव्हा द्रव कापडातून बाहेर येऊन डाग पडले. एकदा टेकले की सरकवता येत नाही, म्हणून मधल्या पट्टीपासून सुरुवात कर. दोघांनी दोन टोके धरावीत, तिसऱ्याने मध्यापासून कडेकडे तळहाताने दाबत जावे, आणि पुढचा हातभर भाग तेवढाच सोल्यूशन लावून तयार ठेवावा. कोपऱ्यात घडी पडू लागली तर कात्री घेऊ नकोस. हीट गनने कापड दुरूनच कोमट कर आणि अंगठ्याने ताणत ने. घडी आपोआप जिरते. माझा मागचा डावा कोपरा बसायला पाऊण तास लागला, पण आज तिथे एक सुरकुती नाही. वाढीव कापड दुसऱ्या दिवशी काप आणि कडा बीडिंगखाली, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीखाली, दाब.

सर्व दारे उघडी असू देत, जवळपास विडी-काडी नको, आणि मास्क कोळशाच्या फिल्टरचा असू दे, कारण साधा रुमाल त्या वाफा अडवत नाही.

हे सारे मृग लागण्याच्या बरेच आधी व्हायला हवे. दमट हवेत सोल्यूशनमधला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर डोळ्यांना न दिसणारे दव धरते आणि जोड कच्चा राहतो. तुझ्याकडे मे महिन्याच्या अखेरीस हवा जड होतेच, म्हणजे तुझ्या हाती सहा आठवडे आहेत. पैकी दोन पत्र्याला दे, घाई वाटली तरी दे.

मी पुढच्या शनिवारी पहाटे निघून दुपारपर्यंत तुझ्याकडे पोहोचतो. माझ्याकडचे उरलेले दीड मीटर कार्पेट आणि ब्युटाइलची चार शीट बरोबर आणतो. दारांच्या वरच्या पट्ट्यांना ती पुरतील. तोवर रेक्झिन काढून ठेव, आणि पाण्याच्या परीक्षेसाठी लांब नळी मिळते का ते शेजारी विचारून ठेव. काकांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना मित्र