अमाल्फीची बोट बारा महिने चालवा: एका निवृत्त कंडक्टरचं खुलं पत्र

मा. वाहतूक खात्याचे अस्सेसोरे,
कंपानिया प्रादेशिक सरकार, नापोली, यांस

स.न.वि.वि.

अस्सेसोरे म्हणजे आमच्याकडचा मंत्रीच, असं मुलीने सांगितलं. तेव्हा मंत्रिमहोदय, मी दाभोळचा. एस.टी.त कंडक्टर होतो, आता निवृत्त आहे. मुलगी शिकायला इटलीत सालेर्नोला आहे. गेल्या सप्टेंबरात तिच्याकडे आलो आणि एका रविवारी आम्ही अमाल्फीला जाऊन आलो. या पत्राचं इटालियन ती करून देणार आहे. मराठीत आधी छापतोय, कारण पाँपेई बघायला येणारी आमची माणसं अमाल्फीला जायचं कसं, हे हल्ली मलाच विचारू लागली आहेत.

तर आधी त्यांच्यासाठी. अमाल्फीला रेल्वे नाही. रोमहून वेगवान गाडीने सालेर्नोला दोनेक तासांत येता येतं, नापोलीहून, म्हणजे नेपल्सहून, पाऊण तासाच्या आत. पुढे बस किंवा बोट. दुसरी वाट नापोलीहून छोट्या गाडीने सोरेंतोला आणि तिथून पोझितानोवरून बसने. ती लांबची आणि गर्दीची. नकाशात 'व्हिएत्री सुल मारे-अमाल्फी' नावाचं स्टेशन दिसेल, त्याला भुलू नका. तिथे उतरलात तर व्हिएत्री मिळेल, अमाल्फी पुढे वीसेक किलोमीटर. आमची रेल्वे अशा ठिकाणी नावापुढे प्रामाणिकपणे 'रोड' लावते. सावंतवाडी रोड म्हटलं की माणूस समजून जातो, गाव अजून लांब आहे.

सकाळी आम्ही बोटीने गेलो. सालेर्नो स्टेशनातून बाहेर पडून समुद्राकडे पाच-सात मिनिटं चाललं की पियाझ्झा देल्ला कोंकोर्दियाचा धक्का. पस्तीस-चाळीस मिनिटांत अमाल्फी. उजव्या हाताला चेतारा, मायोरी, मिनोरी, अत्रानी अशी गावं डोंगराला चिकटून एकामागून एक सरकत जातात. समुद्रावरून बघितलं की कळतं, या गावांचं तोंड समुद्राकडे आहे. रस्ता त्यांच्या पाठीशी नंतर येऊन बसला.

आणि तो खरोखरच नंतरचा. किनाऱ्याचा हा रस्ता, तुमचा राष्ट्रीय महामार्ग १६३, एकोणिसाव्या शतकात नापोलीच्या बूर्बोन राजांच्या काळात झाला. त्याआधी इथे येण्याच्या वाटा दोनच, खेचरांच्या पायऱ्या नाहीतर नाव. अमाल्फी मोठं झालं ते नावेवर. व्हेनिस, जेनोवा, पिसा यांच्या बरोबरीने सागरी प्रजासत्ताक म्हणून त्याचं नाव घेतात. जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी रुग्णालय काढलं ते इथल्याच व्यापाऱ्यांनी. कॅथेड्रलचे पितळी वाटावेत असे काशाचे दरवाजे अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतून घेतले, ते काही घाटातून आलेले नाहीत. लिंबंसुद्धा बायका टोपल्यांतून पाठीवर घेऊन मळ्यांतून खाली किनाऱ्याला आणत आणि तिथून ती बोटीत चढत. त्या बायकांना तिकडे 'फोर्मिकेल्ले' म्हणत, म्हणजे मुंग्या.

दाभोळच्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं. अमाल्फीला पिसाच्या आरमाराने ११३५ मध्ये लुटलं, आमच्या दाभोळला पोर्तुगिजांनी १५०८ च्या डिसेंबरात. वर १३४३ मध्ये अमाल्फीचा खालचा भाग वादळात समुद्राने नेला. दोन्ही बंदरं एकेकाळी जगाला माहीत होती, आज दोन्ही गावं एवढीशी. फरक इतकाच की दाभोळला कोणी बघायला येत नाही आणि अमाल्फीला कोणी यायचं बाकी नाही.

आता परतीचं सांगतो. दुपारनंतर वारा सुटला आणि संध्याकाळची बोट रद्द झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या किनाऱ्यावर १९४७ च्या जुलैत रामदास बोट बुडाली, त्याच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. समुद्र नाही म्हणाला की नाही. बोटीचे सगळे प्रवासी मग शेजारच्या बसच्या चौकात आले. तिथे होकायंत्र शोधणाऱ्या फ्लाव्हियो जोयाचा पुतळा आहे. असा माणूस झालाच नाही असंही अभ्यासक म्हणतात, ते सोडा. त्याच्या पायाशी दोनेकशे माणसं उभी होती आणि रांगेचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे एकालाही सांगता येत नव्हतं.

तिकीट गाडीत मिळणार नाही, असं कळलं. ते तंबाखूच्या दुकानात किंवा एखाद्या बारमध्ये घ्यायचं आणि गाडीत चढल्यावर यंत्रात घालून शिक्का मारायचा. रविवारची संध्याकाळ, आम्हाला माहीत असलेलं दुकान बंद. मुलीने मोबाईलवर काढलं. पण आमच्या मागे एक म्हातारं जोडपं होतं, इटालियनच. त्यांचा मोबाईल फक्त बोलण्यापुरता. नवरा दुकान शोधत गेला आणि बायको दोघांची जागा धरून उभी राहिली. साहेब, नोकरीभर मी खांद्याला कातडी पिशवी लावून गर्दीतून वाट काढत तिकिटं फाडली. कंडक्टर हा खर्च वाटतो, हे मलाही ऐकवून झालंय. पण तंबाखूचं दुकान म्हणजे कंडक्टर नव्हे. निदान त्या चौकात आणि सालेर्नोच्या स्टेशनबाहेर, सुट्टीच्या दिवशीही उघडी राहील अशी एक तिकीट-खिडकी ठेवा.

पहिली गाडी डोळ्यांदेखत भरून गेली, दुसरीत उभं राहायला मिळालं. सालेर्नो तिथून पंचवीस किलोमीटर, म्हणजे एरवी सव्वा तास. आम्हाला त्याहून कितीतरी जास्त लागला. चालकाला मात्र मी मनातून दंडवत घातला. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी भोंगा, समोरून बस आली की आरसा मिटून बोटभर अंतराने पार. कुंभार्ली घाटात जन्म काढलेला माणूस बोलतोय. मिनोरीच्या थांब्यावर पंधराएक माणसं हात करत होती. चालकाने तळवा उलटा करून दाखवला, जागा नाही. माझा हात आपोआप वर गेला, घंटीच्या दोरीकडे. तिथे दोरी नव्हती.

गाड्यांची गर्दी कमी व्हावी म्हणून २०२२ पासून या रस्त्यावर सम-विषम नंबरांचा नियम आहे. ऑगस्ट महिनाभर आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. किनाऱ्यावरच्या तेरा गावांच्या रहिवाशांना त्यातून सूट आहे आणि ती रास्त आहे. नियम वाईट नाही, पण अर्धाच आहे. ज्याची गाडी आज चालणार नाही त्याने यायचं कशाने? बस भरलेली. उत्तर बोट हेच आहे, आणि बोटीला तुमच्याकडे अजून सहलीचं वाहन समजतात. ती साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालते. भाडं बसच्या कितीतरी पट. हिवाळ्यात मायोरीच्या आजीला सालेर्नोच्या दवाखान्यात जायचं तर तिने वळणंच मोजायची. तिकडे मायोरी-मिनोरी या शेजारच्या दोन गावांमध्ये बोगदा खणायचा की नाही यावर भांडण चालू आहे. डोंगर कोरायला पैसा लागणारच असेल, तर त्यातला थोडा पाण्यावर घालून बघा. पाण्यावरचा रस्ता दर पावसाळ्यात दरड कोसळून बंद होत नाही.

आमचं सगळं छान आहे असंही नाही. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंदच असतात. पण दाभोळ ते धोपावे खाडी ओलांडायला वीसेक वर्षांपासून फेरीबोट आहे. तिच्यावर माणसं चढतात, मोटारसायकली चढतात, मुंबईकरांच्या गाड्या आणि वाळूचे ट्रकही चढतात. तिला कोणी सहल म्हणत नाही. गुहागरला जाणारा रस्ता आहे ती.

म्हणून मागणं एवढंच. हिवाळ्यात दिवसाला दोन फेऱ्या, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, समुद्र परवानगी देईल तेव्हा. आमच्याकडे रात्री खेड्यात मुक्काम करून पहाटे परत निघणारी वस्तीची गाडी असते. तशी वस्तीची बोट अमाल्फीला ठेवा. रहिवाशांना बसच्या भाड्यात बोट द्या, आणि बोट रद्द झाली तर त्याच तिकिटावर बसमध्ये बसू द्या, शिवाय त्या दिवशी जादा गाड्या सोडा. बोट रद्द झाल्याची बातमी बसवाल्यांना आमच्याआधी कळायला हवी, ती आमच्याबरोबरच कळलेली दिसली. मोटारवाल्यांना सालेर्नोतच अडवा. पियाझ्झा देल्ला लिबेर्ताच्या खाली एवढा मोठा वाहनतळ बांधलाय आणि बोटी तिथून हाकेच्या अंतरावर लागतात. अमाल्फीत तर गाड्या ठेवायला डोंगराच्या पोटात जागा कोरावी लागली.

ते म्हातारं जोडपं आमच्याच गाडीत चढलं. नवऱ्याला तिकिटं मिळाली होती, तीही दोन जास्तीची. कोणाला लागली तर, म्हणाला. मला बघून मुलगी हसत होती.

जानेवारीत मी पुन्हा येणार आहे, या वेळी बायकोला घेऊन. तिला वळणं लागतात, उलटी होते. बोट नसेल हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

कळावे,

आपला,
दाभोळचा एक निवृत्त कंडक्टर