पुट्टी लावायच्या आधी एवढं वाचा, आई-बाबा

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर भिंतींच्या ओलीबद्दलचं बोलणं अर्धवटच राहिलं. बाबा म्हणाले की कंत्राटदार सोमवारी अ‍ॅडव्हान्स घ्यायला येऊन राहिला, म्हणून लगेच लिहायला बसले. बाबा, हे आईलाही मोठ्यानं वाचून दाखवा. आणि तो अ‍ॅडव्हान्स प्लीज आत्ता देऊ नका.

तो म्हणतोय की जुनं प्लास्टर खरडू, वॉटरप्रूफवालं सिमेंट प्लास्टर करू, वरून पुट्टी, आणि समोरच्या खोलीला ४ फुटांपर्यंत टाइल्स. दिवाळीला घर छान दिसेल, खरंय. पण पाणी भिंतीच्या आतच राहील. जमिनीतली ओल विटांच्या आणि जुडाईच्या, म्हणजे विटांमधल्या मसाल्याच्या, बारीक छिद्रांमधून वर चढते, वातीतून तेल चढतं तशी, आणि चढता चढता भिंतीच्या दोन्ही अंगांनी उडून जाते. जिथे चढणं आणि उडणं बरोबरीला येतं तिथे तो पिवळट पट्टा दिसतो, साधारण मीटरभर उंचीवर. आता खालचे ४ फूट सिमेंट आणि टाइल्सनी बंद केले तर पाण्याला उडायला जागाच राहत नाही, मग ते आणखी वर चढतं आणि टाइल्सच्या वरून पोपडे निघायला लागतात.

आणि आपल्या घरात सगळी ओल एकाच जातीची नाहीये, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून करून पाहिले. समोरच्या खोलीत आणि मधल्या खोलीत पट्टा सारख्या उंचीवर आहे, वर कोरडं आहे, आणि पट्ट्यावर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पावडर, फुटलाय. मधली भिंत तर घराच्या आत आहे, तिला पाऊस लागतच नाही, म्हणजे ती ओल जमिनीतूनच येतेय असं मला वाटतं. पण नहाणीच्या पाठच्या भिंतीवरचा डाग छातीच्या वर आहे आणि एकाच जागी गोल पसरलाय, तो बहुतेक पाइपचा. रात्री झोपायच्या आधी सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा फोटो काढा, सकाळी नळ उघडायच्या आधी परत काढा, आकडा पुढे गेला असेल तर कुठेतरी गळतंय. आकडा हलला नाही तरी नहाणीच्या फरशीचे सांधे आणि जाळी प्लंबरला दाखवा, कारण सांडपाणी मीटरमध्ये दिसत नाही. आणि बेडरूमच्या खिडकीखालचे ओघळ कूलरचे आहेत, टाकी भरून वाहते ते पाणी थेट भिंतीवर येतं, त्याला एक पाइप लावून नालीत सोडला की झालं.

बाबा, एक टेस्ट तुम्हीच करा, सोपी आहे. पोपडे नसलेल्या जागी भिंतीवर फूटभर लांब-रुंद प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं पक्कं चिकटवा आणि दोन-तीन दिवस राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या अंगाला आले तर तो हवेतला दमटपणा आहे, भिंतीकडच्या अंगाला आले तर ओल भिंतीतून येतेय. कंत्राटदारानं ओल मोजायच्या मीटरच्या दोन सुया टोचून लाल लाइट दाखवला होता ना, त्यावर जाऊ नका, भिंतीत क्षार असले की ते मीटर ओल आहे त्याहून जास्त दाखवतं.

आता मुख्य गोष्ट. आजोबांच्या वेळच्या चुन्याच्या बांधकामात जोत्यावर डीपीसी म्हणजे ओल अडवणारा थर बहुतेक नसायचाच, तरी इतकी वर्षं भिंती बऱ्या होत्या. काहून? कारण जोतं उंच होतं, अंगण मातीचं होतं, आणि आतून-बाहेरून चुन्याचा गिलावा होता, आलेली ओल उन्हाळ्यात निघून जायची. मग समोरचा रोड सिमेंटचा झाला आणि उंच झाला, घरात चढायला तीन पायऱ्या होत्या तिथे एकच उरली. मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसले ते थेट भिंतीला टेकून. खोल्यांना सिमेंट प्लास्टर आणि ऑइल पेंट लागला. म्हणजे बाहेरून पाणी जास्त, आणि निघायचे रस्ते बंद. आपल्या महाल भागातल्या कितीतरी जुन्या घरांचं हेच झालंय आणि मला याचा खरंच त्रास होतो, चांगल्या भिंती उगाच सडतात.

म्हणून काम बाहेरून सुरू करायचं. भिंतीलगतचे पेव्हर दीड-दोन फूट रुंदीत काढा, तिथली माती आतल्या फरशीच्या किमान ६ इंच खाली न्या, गिट्टी भरा आणि उतार भिंतीपासून लांब ठेवा. रोड काही आपल्याला खाली करता येणार नाही, पण समोर उथळ नाली काढून पाणी वळवता येतं. खोल मात्र खणू देऊ नका. आपल्याकडे काळी माती आहे, ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, पायाजवळ खोल खड्डा केला तर ओल जाईल आणि भेगा येतील. छताच्या पन्हाळ्याचा पाइप भिंतीच्या बुडाशी सुटतो तोही लांब न्या. आई, भिंतीला लागून लावलेल्या जास्वंदीच्या कुंड्या पण थोड्या सरकव, तुझं रोजचं पाणी तिथेच मुरतं.

आतून काय करायचं, तर दिवाळीनंतर ते सिमेंट प्लास्टर पट्ट्याच्या वर फूटभरापर्यंत काढून विटा उघड्या ठेवायच्या. फूटभर वर एवढ्यासाठी, की जमिनीतून आलेले क्षार तिथे साचलेले असतात आणि ते पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतात. खालची ओल थांबली तरी त्या जागी डाग परत येतात आणि आपल्याला वाटतं काम वाया गेलं. स्वयंपाकघराच्या मागे आधी गोठा होता ना, तिथे हे क्षार जास्तच असणार, गुरांच्या मुतानं जमिनीत शोरा तयार होतो. लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा, पाण्यानं धुवायचा नाही, धुतला की तो विरघळून परत भिंतीत जातो.

मग वाट पाहायची. जाड भिंत वाळायला इंचाला एक महिना असा ढोबळ हिशोब धरतात, आपली भिंत दीड फुटाची, म्हणजे दीड वर्षही लागू शकतं. मला माहितीये आई, इतके दिवस उघड्या विटा पाहुण्यांसमोर तुला आवडणार नाही, पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हासारखं वाळवायला दुसरं काही नाही, ते फुकटात मिळतं. नंतर चुना आणि वाळूचा गिलावा, तोही उन्हाळ्यात नको, फार लवकर सुकून तडकतो, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करायचा आणि काही दिवस ओलसर ठेवायचा. चुन्याचं काम येणारा मिस्त्री शोधायला वेळ लागेल, मी पण विचारतेय.

इंजेक्शनबद्दल बाबांनी विचारलं होतं. जुडाईच्या खालच्या ओळीत साधारण १० ते १२ सेंटीमीटरवर भोकं पाडून सिलेन-सिलॉक्झेनची क्रीम भरतात, ती पसरून पाणी अडवते. चांगल्या जुडाईत उपयोग होतो, पण भिंतीच्या पोटात माती आणि दगडगोटे भरलेले असले तर क्रीम पोकळीत निघून जाते, आणि बाहेरची जमीन भोकांच्या वर असली तर पाणी वळसा घालून आत येतंच. म्हणून ते शेवटी, लागलंच तर.

या दिवाळीला फक्त पोपडे झाडून, ऑइल पेंट खरडून चुन्याची सफेदी करा, ऑइल पेंटवर चुना धरत नाही. चुन्यातून भिंत श्वास घेते, आणि घर उजळ दिसेल.

आणि दोन गोष्टी आजच करा. मधल्या खोलीतला खालचा सॉकेट ओल्या पट्ट्यातच आहे, तो इलेक्ट्रिशियनकडून बंद करून वर घ्या आणि मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आहे का तेही बघायला सांगा. दुसरं, तुमचा पलंग त्या भिंतीपासून काढा आणि गोदरेजचं कपाट हातभर पुढे ओढा, मागे बुरशी धरली असेल. बाबांचा खोकला पावसाळ्यात वाढतो, ओल आणि बुरशीनं दमा-खोकला बळावतो हे जागतिक आरोग्य संघटनेनंही २००९ साली लिहून ठेवलंय, मी त्यामुळेच एवढी मागे लागलीय. कपाट स्वतः ओढू नका बाबा, शेजारच्या पोराला बोलवा.

कंत्राटदाराला सांगा की लेक येईपर्यंत थांबा, वाईटपणा माझ्यावर येऊ द्या. मीटरचे दोन्ही फोटो आणि प्लास्टिकचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, म्हणजे मी इथून प्लंबरशी बोलून ठेवते.

तुमची लेक