आधी ऊब, मग दूध

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. आठ करडं झाली हे वाचून आनंद झाला, आणि दोन गेली हे वाचून पत्र हातातच राहिलं. 'संध्याकाळी बरी होती, सकाळी पाहतो तर आडवी,' असं तू लिहिलंस. अरे, बहुतेक वेळा ती संध्याकाळीच काहीतरी सांगत असतात. आपल्याला ते ओळखता येत नाही, एवढंच. मलाही येत नव्हतं.

पहिल्या वर्षी माझी एक शेळी थंडीच्या रात्री व्याली. तिळं झालं. सगळ्यात लहान करडू पहाटे मान टाकून पडलेलं. तोंडात बोट घातलं तर जीभ गार. मला वाटलं, भुकेनं गळालं. घाईघाईनं बाटलीनं दूध पाजलं. ते नाकातून बाहेर आलं आणि अर्ध्या तासात करडू माझ्या मांडीवरच गेलं. अंग गार पडलं की करडाला नीट गिळता येत नाही, दूध फुफ्फुसात उतरतं, आणि पोटात गेलं तरी पचत नाही, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा ठाऊक असतं तर ते वाचलं असतं, ही खंत अजून जात नाही.

म्हणून सांगतो, आज पहिलं काम म्हणजे थर्मामीटर आण. टोकाला तेल लावून गुदद्वारात हळूच सरकव आणि आतल्या भिंतीला टेकव. नुसतं लेंड्यांत रुतलं तर आकडा चुकीचा येतो. निरोगी करडाचं तापमान साधारण १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट असतं. १०० च्या खाली गेलं तर दुधाला हात लावू नकोस. अंग खसाखसा पुसून कोरडं कर, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंनी ठेव. तोंड उबदार झालं, ते बोट चोखायला लागलं, मान सावरायला लागलं, की मग दूध. मात्र जन्मून पाच-सहा तास उलटले असतील आणि पोट रिकामं असेल तर नुसती ऊबही धोक्याची. रक्तातली साखर संपलेली असते, अंग तापताना झटके येतात. अशा वेळी डॉक्टर आधी ग्लुकोज टोचतात. तो प्रयोग तू करू नकोस, त्यांनाच बोलाव.

तुझ्या त्या दोघांना चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध, वेळेवर मिळाला होता का? करडू रोगाशी लढायची ताकद घेऊन जन्मत नाही, ती चिकातूनच मिळते. आणि ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमता पहिल्या दिवसातच संपते. पहिल्या एक-दोन तासांत एकदा, आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या भागाएवढा चीक पोटात जायला हवा. दोन किलोच्या करडाला दोनशे मिली. सड चोखताना दिसलं म्हणजे प्यायलं असं धरू नकोस, पोट चाचपून बघ. नाळेला आयोडीन लावायचं राहिलं तर सांधे सुजून करडू लंगडतं, तेही बघत जा.

आता हगवण. करडाचं वय आधी बघ. पहिल्या आठवड्यातली हगवण बहुधा जंतुसंसर्गाची किंवा दुधाच्या अनियमितपणाची. तीन आठवड्यांनंतर शेपटीखाली चिकटलेली, कधी रक्त पडणारी हगवण दिसली तर मला पहिला संशय कॉक्सिडियाचा, म्हणजे आतड्यातल्या एका सूक्ष्म परजीवीचा, येतो. त्यावर जंताचं औषध पाजून उपयोग नसतो, त्याचं औषध वेगळं. तेव्हा लेंडी तपासून घे आणि डॉक्टरांनी वजनावर ठरवलेला डोस त्यांनी सांगितले तितके सगळे दिवस दे. मात्र जीव जातो तो पाणी आटून. मानेची कातडी चिमटीत धरून सोड. ती लगेच जागेवर बसली नाही, डोळे खोल गेले, तर वेळ थोडा आहे. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाच्या लहान चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं, वरचेवर पाज. दुधात मिसळू नकोस, आणि दूध अजिबात तोडूही नकोस.

सगळ्यात धष्टपुष्ट करडू अचानक गेलं तर आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषानं होणारा रोग, मनात आण. त्याची लस व्यायच्या तीन-चार आठवडे आधी शेळीला दिली की संरक्षण चिकातून करडात उतरतं. यंदा हुकलं असेल तर करडांना कधी टोचायचं ते डॉक्टरांना विचार.

आणि एक कर. गोठ्यात गुडघे टेकून, करडाच्या नाकाच्या उंचीवर श्वास घे. उभ्यानं आपल्याला काही जाणवत नाही, पण खाली मुताच्या वाफेनं डोळे चुरचुरतात. तीच हवा करडं दिवसरात्र घेतात. मग श्वास भराभर, नाकातून पू, ताप १०४ च्या वर. औषध द्यावंच लागतं, पण खालचं ओलं अंथरूण काढल्याशिवाय खोकला गोठ्यातून जात नाही.

मी रोज दूध पाजायच्या वेळी पाच मिनिटं काही न करता नुसता उभा राहतो. निरोगी करडू उठलं की पाठ ताणून आळस देतं. आजारी पाठीला पोक काढून उभं राहतं, कान पाडतं, केस पिंजारलेले असतात, कधी दात खातं. सगळे आईकडे धावतात आणि एक मागे राहतं, त्याला मी आधी उचलतो आणि थर्मामीटर लावतो.

तुझ्या सहा करडांमध्ये मागे राहणारं कोणतं, आणि त्याचं तापमान किती, एवढं उलट टपालानं कळव. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
नामदेव