कंट्रोल चार्ट खरे भरले जावेत म्हणून

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक परिसरातील कितीतरी मशीन शॉपमध्ये आता मशीनशेजारी कंट्रोल चार्ट, म्हणजे ठरावीक वेळाने घेतलेली मापे बिंदूंनी मांडणारे आलेख, टांगलेले दिसतात. मात्र या चार्टचे काम केवळ गुणवत्ता विभागाचे असून एचआर, म्हणजे मनुष्यबळ विभागाचा संबंध हजेरी, रजा आणि पगारापुरताच, असा जो समज आपल्याकडे रुजला आहे, तो नुकसानीचा आहे, असे या भागात गुणवत्ता तपासनीस म्हणून उभी हयात घालवल्यावर मला कळकळीने सांगावेसे वाटते.

मी नोकरीत असताना एका कारखान्यात 25 मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टचे टर्निंग, म्हणजे लेथवरचे कातकाम, चालत असे आणि दर तासाला पाच नग मायक्रोमीटरने मोजून त्यांची सरासरी चार्टवर मांडली जाई. एका वर्षी रिजेक्शनचा, म्हणजे नापास नगांचा, आकडा ऑपरेटरच्या इन्सेन्टिव्हशी जोडण्यात आला. पुढच्या काही आठवड्यांत चार्ट अगदी देखणा झाला, सगळे बिंदू मध्यरेषेला चिकटून, आणि वरची मंडळी खूश झाली. वास्तविक सलग पंधरा बिंदू मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एका सिग्माच्या (चढउतार मोजण्याच्या एककाच्या) आतच राहिले, तर आनंद मानण्याऐवजी चौकशी करावी, असा या शास्त्राचा नियम आहे. मी कागद खाली उतरवून पाहिला, तेव्हा आठ तासांची रीडिंग एकाच बैठकीत लिहिलेली स्पष्ट दिसत होती. शेऱ्याचा रकाना कोरा होता, इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारे पाते, कधी बदलला याची नोंदच नव्हती. ऑपरेटरला बाजूला घेऊन विचारले, तर तो म्हणाला, “खरं लिवलं तर पैसे कापत्यात, सर.” त्याला दोष देणे मला जमले नाही. तो लॉट पुढे ग्राहकाकडून परत आला.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शुहार्ट यांनी 1924 मध्ये पहिला कंट्रोल चार्ट मांडला, तो प्रक्रियेत अंगभूत असलेला चढउतार आणि विशिष्ट कारणाने आलेला बिघाड यांतला फरक ओळखण्यासाठी. हा फरक न समजता प्रत्येक नगामागे ऑपरेटरला बोल लावला, की तो बिचारा दर वेळी ऑफसेट, म्हणजे मशीनमधले हत्याराच्या जागेचे सेटिंग, हलवत बसतो. आणि चढउतार निव्वळ यादृच्छिक असेल, तर प्रत्येक नगाच्या फरकाइतकी दुरुस्ती करत गेल्याने मापांतला फरक कमी होण्याऐवजी सुमारे 1.4 पट होतो, हे गणिताने सिद्ध होते. त्यांच्याच देशातले संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी 1950 मध्ये जपानच्या उद्योगांना हेच संख्याशास्त्र शिकवले आणि पुढे व्यवस्थापनासाठी जी 14 सूत्रे मांडली, त्यांत कामगाराच्या मनातली भीती घालवा, आकड्यांचे कोटे बंद करा, कामावरच प्रशिक्षण द्या, असे आग्रहाने सांगितले. यातली कोणती गोष्ट गुणवत्ता विभागाच्या एकट्याच्या हातात आहे? पगाराचे नियम, वार्षिक मूल्यमापन, भरती आणि प्रशिक्षण हे सारे एचआरकडेच असते.

प्रशिक्षणाबद्दल तर फारच वाईट वाटते. यळ्ळूर, खानापूरकडून येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या शेजारच्या मशीनवर उभ्या असलेल्या कन्नडभाषक सोबत्यांना इंग्रजी स्लाइड दाखवून अर्ध्या दिवसात ‘ट्रेनिंग झाले’ अशी सही घेतली जाते. त्यातही कंत्राटी कामगार असेल, तर चार्ट वाचता येऊ लागेपर्यंत त्याचा करार संपलेला असतो.

आमच्याकडे त्या परत आलेल्या लॉटनंतर इन्सेन्टिव्हचा नियम मागे घेतला गेला. काही दिवसांनी शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलेली नोंद आली : ‘इन्सर्ट झिजला, 11 वाजता बदलला.’ त्या महिन्यात रिजेक्शन वाढलेले दिसले, पण दुरुस्ती कुठे करायची हे आम्हाला प्रथमच कळले.

येथील कारखानदारांना आणि एचआर अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की रिजेक्शनची नोंद करणाऱ्याचे पैसे कापले जाणार नाहीत, हे लेखी जाहीर करावे, चार्टवरच्या सूचना मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत छापाव्यात आणि इन्सेन्टिव्हचा कोणताही नवा नियम लावण्यापूर्वी तो गुणवत्ता विभागाला दाखवावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गुणवत्ता तपासनीस,
टिळकवाडी, बेळगाव